तीन नंबरचं बिट

जुनी मोटरसायकल घ्यायला निघालेले मित्र, भाचे, शेजारी मला सोबत नेतात. मी मेकॅनिक नाही. नोकरीभर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवली. तरी नेतात, कारण मी गाडीकडे भलत्याच ठिकाणी बघतो. बाकीचे किलोमीटर बघतात, किक मारून धूर बघतात, टायर अंगठ्यानं दाबतात. मी उकिडवा बसतो आणि इंजिनच्या कव्हरवरचे स्क्रू बघतो. किलोमीटरचा आकडा मागे नेता येतो, टाकीला नवा रंग देता येतो, सीटला नवं कव्हर चढवता येतं. स्क्रूची डोकी बदलायचं मात्र विकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. फुलीच्या कडा जागच्या जागी असतील तर गाडी समजूतदार हातांतून आली आहे. फुलीचा गोल खळगा झाला असेल, डोक्याच्या कडेला छिन्नीचे घाव असतील, तर आत काय काय घडलं असेल ते न उघडताच कळतं. या बघण्यापायी काही सौदे मोडले आणि विकणाऱ्यांच्या शिव्याही खाल्ल्या.

ही खोड अण्णांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. घरी बजाज चेतक. १९७२ साली चेतक बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षं ती नंबर लावूनच मिळायची. आमचीही तशीच आलेली. तिच्यावरचे जे स्क्रू आम्ही घरी खोलायचो ते सरळ खाचेचे. हेडलाइटची रिंग, कार्बोरेटरचे पितळी जेट, आणि सगळ्यात किचकट म्हणजे इग्निशनचे पॉइंट. फ्लायव्हीलला खिडकी असते, तिच्यातून लांब बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून पॉइंटचा स्क्रू जरासा सैल करायचा, फीलर गेजनं ०.४ मिलिमीटरच्या आसपास फट धरायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. आवळताना पट्टी सरकली की पहिल्यापासून. रविवारची सकाळ यात जायची आणि अण्णांची त्याबद्दल काही तक्रार नसायची.

चपटे स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे पुष्कळ होते, पण एकाचंही टोक दुकानातून आलं तसं उरलेलं नव्हतं. बाजारातल्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक निमुळतं असतं, खाचेच्या भिंती मात्र सरळ उभ्या. निमुळतं टोक खाचेच्या फक्त वरच्या कडेवर टेकतं. जोर लावला की ते वर चढतं आणि जाताना कड घेऊन जातं. म्हणून अण्णा टोकाच्या दोन्ही बाजू ग्राइंडरवर घासून शेवटचा दोन-तीन मिलिमीटरचा भाग समांतर करायचे, खाच भरेल इतकीच जाडी ठेवून. घासताना दर थोड्या वेळानं टोक पाण्यात बुडवायचं. पोलादावर निळी झाक आली की त्याचं पाणी उतरलं, मग ते टोक पहिल्याच जोराला वळतं. रुंदीही स्क्रूच्या डोक्याएवढीच. कमी पडली तर सगळा ताण खाचेच्या मध्यावर, जास्त झाली तर आजूबाजूचा रंग खरवडतो. पितळी जेटसाठी तर एक स्क्रू ड्रायव्हर राखूनच ठेवलेला. त्यानं आईनं एकदा रॉकेलच्या डब्याचं झाकण उचकटलं. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही.

“आधी बसतंय का बघ, मग फिरव,” एवढंच ते मला म्हणायचे. ताकद लावायला त्यांनी कधी शिकवलं नाही.

१९८५च्या आगेमागे जपानी कंपन्यांच्या हातमिळवणीतून हलक्या मोटरसायकली आल्या. हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, सुझुकी, कावासाकी. कोल्हापूरच्या मामांनी आरएक्स १०० घेतली आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या मागच्या सीटवर बसणं हे माझं जीवितकार्य झालं. या गाडीच्या इंजिन कव्हरवर सरळ खाच कुठेच नव्हती. सगळे फुलीचे स्क्रू. अण्णांची घासून तयार केलेली हत्यारं इथे निरुपयोगी. त्यांनी मग तापडियाचा हिरव्या पारदर्शक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणला. नाशिकच्या सातपूरमध्ये या कंपनीचा कारखाना आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तिचं काही ना काही एखाद्या ड्रॉवरमध्ये सापडतं. सळई उपसून उलटी घातली की एका बाजूला चपटं टोक, दुसऱ्या बाजूला फुली.

मामांनी तो घेऊन कव्हरला हात घालायचा बेत केला होता. सुदैवानं त्याआधी ते उद्यमनगरातल्या एका उस्तादांकडे विचारायला गेले, आणि मी अर्थातच मागच्या सीटवर होतो. उस्तादांनी आमचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, टोक बघितलं आणि परत दिला. “पावनं, हा दोन नंबर हाय. ह्या स्क्रूला तीन लागतोय. दोननं फिरीवलासा तर डोस्कं जातंय बघा.”

फुलीलाही नंबर असतो हे मला तेव्हा कळलं. आज मी हे ज्याला त्याला सांगत सुटतो आणि मोटरसायकल पंधरा वर्षं चालवलेली माणसंही नवलानं बघतात. हिशेब सोपा आहे. साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला दोन नंबरची फुली, सहा मिलिमीटरच्याला तीन, आठच्याला चार. घरातल्या मिक्सरपासून खिडकीच्या बिजागरीपर्यंत जवळजवळ सगळं दोन नंबरमध्ये निभावतं, म्हणून घरात दोनच नंबर असतो. इंजिन कव्हरचे स्क्रू मात्र सहाचे. गोम अशी की तीन नंबरच्या खळग्यात दोन नंबरचं टोक आत जातं, टेकतं, थोडं फिरतंही. अजिबात बसलं नसतं तर माणसानं दुसरं शोधलं असतं. ते बसल्यासारखं करतं आणि तिथेच घात होतो.

या फुलीचा इतिहास मी पुढे केव्हातरी वाचला. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स हे तिचे प्रसिद्धीकर्ते. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन यांची, ती फिलिप्सनी विकत घेऊन सुधारली. १९३६ साली पेटंटं मिळाली, अमेरिकन स्क्रू कंपनीनं उत्पादन घेतलं, आणि त्याच सुमाराला जनरल मोटर्सनं कॅडिलॅकच्या जुळणीत ती वापरायला सुरुवात केली. कारखान्याला तिचा मोह पडला तो वेगामुळे. यंत्रावर फिरणारं टोक सरळ खाचेतून बाजूला घसरतं आणि शेजारचा रंगवलेला पत्रा ओरबाडतं. फुलीत ते आपोआप मध्यावर येतं. पण टोक झटकन आत शिरावं म्हणून फुलीच्या भिंती उतरत्या ठेवल्या आहेत, आणि उतरत्या भिंतीवर पिळाचा जोर पडला की त्यातला थोडा टोकाला बाहेर ढकलण्यात जातो. स्क्रू जादा आवळला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केलं, असं गॅरेजांतून ठासून सांगतात. १९३६च्या पेटंटांत तसं काही नाही. ही कीर्ती मागाहून चिकटलेली आहे. म्हणजे जो स्क्रू कारखान्यात पटकन लावता यावा म्हणून केला, तो पुढची वीस वर्षं रस्त्याकडेच्या माणसानं काढायचा आहे, याचा विचार त्यात मुळात कमीच होता. त्याआधी १९०८ साली कॅनडाच्या रॉबर्टसन यांनी चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला होता. तो घसरत नसे. फोर्डना तो फार आवडला, पण हक्कांवरून दोघांचं जमलं नाही आणि चौकोन बहुतांशी कॅनडातच राहिला. तो इकडे आला असता तर आपल्या गॅरेजातल्या छिन्न्या थोड्या कमी झिजल्या असत्या.

जपान्यांनी फुली घेतली आणि तिच्या मापात किंचित फरक केला. त्यांच्या खळग्याचा तळ आणि भिंतींचा मेळ वेगळा आहे. अमेरिकी पद्धतीच्या टोकाचं नाक आधी तळाला टेकतं आणि बाजूच्या भिंतींना पुरती पकड मिळायच्या आतच ते अडतं. जपानी मापाचा स्क्रू ओळखायची खूण म्हणजे फुलीच्या चार पाकळ्यांमधल्या एका जागी असलेला सुईच्या टोकाएवढा ठिपका. ठिपका दिसला तर जपानी मापाचं टोक घ्यावं. उलट बाजूनं एवढी अडचण येत नाही, जपानी टोक अमेरिकी फुलीतही बरं बसतं. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचे असे स्क्रू ड्रायव्हर आता आपल्याकडेही मिळतात. तेव्हा ते ऐकूनही माहीत नव्हते.

अण्णांनी त्यावर काय केलं ते सांगतो. मामांच्या गाडीचा एक जुना स्क्रू त्यांनी चिंचवडला आणला, तीन नंबरच्या टोकाला निळी शाई लावली, ते स्क्रूत दाबून फिरवलं आणि शाई कुठे पुसली गेली ते बघितलं. फक्त नाकावरची गेली होती. मग ऑइलस्टोनवर नाक अगदी थोडं घासलं, पुन्हा शाई, पुन्हा घास, शाई चारी पाकळ्यांवरून पुसली जाईपर्यंत. जपानी मानक नावाची काही चीज आहे हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तो स्क्रू ड्रायव्हर आज माझ्याकडे आहे आणि मी तो कुणाला देत नाही.

फुलीचा वैताग टाळायचा म्हणून आरएक्स १००च्या शौकिनांनी पुढे एक तोड काढली: कव्हरचे सगळे स्क्रू फेकून त्या जागी ॲलन बोल्ट. सहाच्या बोल्टला पाचची ॲलन की, भिंती सरळ उभ्या, बाहेर ढकलणं नाही. दिसायलाही ऐटबाज. मला मात्र ही तोड अर्धीच पटते. कव्हरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो, म्हणजे मनगटाचा हलका जोर. ॲलन की घसरत नाही म्हटल्यावर पोरं तिच्यात पाइप घालून आवळतात. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं. डोकं वाचतं आणि आटे जातात. डोकं गेलेला स्क्रू दहा मिनिटांत बदलता येतो. केसिंगचे आटे गेले की आत नवे आटे बसवायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

माझी स्वतःची पहिली गाडी स्प्लेंडर. हिच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्रँकच्या टोकाला, क्लचच्या कव्हरखाली, एक छोटा रोटर असतो. तो गरगर फिरतो आणि तेलातला जड गाळ बाहेरच्या भिंतीवर जमा होतो. मध्येमध्ये तो उघडून पुसायचा असतो. त्याच्या झाकणावर फुलीचे तीन स्क्रू. कितीतरी गॅरेजांत हे काम होतच नाही. तेल बदलतात, गाडी पुसतात, बिल देतात, रोटर तसाच. मी एका पोराला कारण विचारलं. “निघत नाहीत ना ते काका, डोकी जातात.” म्हणजे टोक नाही म्हणून स्क्रू निघत नाही, स्क्रू निघत नाही म्हणून गाळ तसाच राहतो, आणि नव्या तेलात जुना गाळ फिरत राहतो. पुढे इंजिन आवाज करू लागलं की दोष तेलाला.

अशा ठिकाणी हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. जाड दांड्याचं हत्यार. मागून हातोडी मारली की आतली तिरकी खाच त्या ठोक्याचं थोडं पिळात रूपांतर करते. त्याची खरी करामत पिळात नाही, दाबात आहे. टोक बाहेर यायला बघतं नेमक्या त्याच क्षणी ठोका त्याला आत दाबतो. पण त्याच्या तोंडात चुकीचं बिट घातलं तर तो चुकीचं कामही तितक्याच जोरात करतो. दिशेची कडी उलटी राहिली तर आणखी घट्ट, हे वेगळंच.

कोकणातल्या गाड्यांची तऱ्हा निराळी. आमच्या मावसभावाची गाडी मालवणला असते. खाऱ्या दमट हवेत पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचं केसिंग एकमेकांना खातात आणि आट्यांमध्ये पांढरी पूड साचते. पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीवरचे दोन बारके स्क्रू तर तिथे हमखास धरलेले. अशा वेळी घाई करायची नाही. फुलीतली माती सुईनं कोरून काढायची, कारण तळाशी कचरा असेल तर योग्य नंबरचं टोकही पुरतं बसत नाही. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं. बिट बसवून मागून दोन हलके ठोके द्यायचे. टोकाला चिमूटभर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली तर तिची वाळू पकड धरते. मग सोडवण्याआधी केसभर आवळायचा, आणि फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर लावायचा. लावताना आट्यांना ग्रीसचं बोट फिरवलं की पुढच्या वेळचं भांडण मिटतं.

मारुती ८०० घेतली तेव्हा पान्ह्यांचा संच दहा, बारा, चौदाचा झाला. शेजारच्या काकांची टाटा, तिचे पान्हे तेरा, सतरा, एकोणीस. आठ मिलिमीटरच्याच बोल्टला जपानी गाड्या बाराचं डोकं देतात आणि जर्मन वळणाच्या गाड्या तेराचं. टाटांचे ट्रक १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्यानं झाले, तिथून ते वळण आलं. गल्लीतल्या जुन्या जीपचे बोल्ट इंचात, आणि जुन्या बुलेटचे व्हिटवर्थच्या मापात, ज्यात पान्ह्यावरचा आकडा डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. तेराचा पान्हा बाराच्या डोक्यावर घालून मध्ये चपट्या स्क्रू ड्रायव्हरची पाचर मारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता भाच्याकडे चाकणला बनलेली फोक्सवॅगन आहे आणि तिच्यात माझी फुली जवळपास निरुपयोगी ठरते. इथे टॉर्क्सचं राज्य. सहा पाकळ्यांचा हा खळगा अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीनं १९६७ साली आणला. भिंती उभ्या असल्यानं टोक बाहेर ढकललं जात नाही. पण इथेही दोन नंबरवाला तोच घात आहे. टी-२५चं बिट टी-२७च्या खळग्यात आरामात जातं, किंचित खेळतं, आणि पाकळ्या गोल करून बाहेर येतं. दोघांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. म्हणून मोठ्याकडून लहानाकडे यावं: आधी टी-३०, मग २७, मग २५, जे सगळ्यात मोठं आत जातं ते खरं. शिवाय याच गाड्यांत टॉर्क्सचा एक तोतया भाऊ असतो, बारा टोकांचा, तीन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवले की होतो तो आकार. चाकाच्या ॲक्सलचे बोल्ट बहुधा असे असतात. घाईत दोन्ही सारखेच दिसतात. भाच्याच्या गाडीच्या अशाच एका बोल्टात महामार्गावरच्या एका गॅरेजात टॉर्क्स ठोकून बसवलं. बोल्ट निघाला, पण डोक्यावर नट वेल्ड करून, तीन तासांनी, आणि वेल्डिंगच्या ठिणगीनं ॲक्सलवरचा रबरी बूट जाळून.

बिटांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. बत्तीस बिटांची चकचकीत डबी ही घरात ठेवायची सगळ्यात महाग वस्तू आहे. तिच्यातली वीस बिटं कधीच लागत नाहीत, आणि जी लागतात ती मऊ पोलादाची असतात. पहिल्याच धरलेल्या स्क्रूवर त्यांच्या कडा वळतात आणि वळलेलं बिट पुढचे दहा स्क्रू बिघडवतं. त्यापेक्षा एस-टू पोलादाची चार-पाच सुटी बिटं घ्यावीत: फुलीचं दोन आणि तीन, पाचची ॲलन, आणि गाडीत असतील ते टॉर्क्स. टोकाच्या कडा चमकू लागल्या, गोल झाल्या, की बिट फेकून द्यावं. त्याच्यावर माया करू नये.

घ्यायला पुण्यात नाना पेठेत जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. जाताना आपल्या गाडीचा एक सुटा स्क्रू खिशात टाका. दुकानदाराला फक्त नंबर सांगू नका. लोहचुंबक नसलेलं बिट घेऊन त्यावर स्क्रू टोचा आणि आडवा धरा. पडला तर दुसरं दाखवायला सांगा. न पडता टिकून राहिला तर अंगठ्यानं हलवून बघा, खेळतोय का. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. मग गाडी गॅरेजात सोडताना रोटर उघडून पुसायला सांगा. पोरगा म्हणाला, स्क्रू निघत नाहीत, तर तीन नंबरचं बिट त्याच्या हातावर ठेवा. संध्याकाळी गाडी घेताना ते आठवणीनं परत मागून घ्या. गॅरेजात गेलेलं चांगलं बिट आपणहून घरी येत नाही.